मका: करवीर की राजर्षी, हे ठरवायच्या आधी पेरणीची तारीख बघा

विट्याकडची आमची जमीन मध्यम, पाणी टेंभू उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनावर, म्हणजे कालव्याच्या पाळीवर. गेले काही हंगाम करवीर आणि राजर्षी ही राहुरी विद्यापीठाची दोन वाणं शेजारी-शेजारी करतोय. करवीर उशिरा येणारं, राजर्षी त्याच्या आधी काढणीला येतं. वाण दोन्ही चांगली. पण 'कुठलं बियाणं टाकू?' असं कुणी विचारलं, की मी आधी पेरणी कधी धरणार ते विचारतो.

जूनच्या मध्यात वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल मिळाली, तर बिनधास्त करवीर. ताट उंच, कणीस भरलेलं, वैरणही भरपूर. पाऊस लांबून पेरणी जुलैअखेर गेली, तर मात्र राजर्षीच. उशिराच्या मक्यात दाणा भरायच्या वेळी रानातली ओल तुटते. त्यात अमेरिकन लष्करी अळी. २०१८ ला ती आपल्या देशात आली, तेव्हापासून उशिराची पेरणी जास्त अडचणीची झालीय, कारण आजूबाजूच्या थोराड मक्यावरचे पतंग कोवळ्या रोपांवर उतरतात. पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, उघडून बघा: ओल्या भुशासारखी विष्ठा, आणि आत डोक्यावर उलटा इंग्रजी वाय असलेली अळी. शेपटाकडे चार काळे ठिपके चौकोनात. अळी लहान असतानाच इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, १० लिटरला ४ ग्रॅम, संध्याकाळी थेट पोंग्यात. मोठी होऊन पोंग्यात खोल बसली, की औषध वाया जातं.

माझं खरं समाधान रब्बीत. सोयाबीन निघालं, की १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरच्या आत टोकण, म्हणजे हाताने एकेक बी लावणं, ७५ बाय २० सेंटीमीटरवर. स्वच्छ ऊन आणि गार रात्री यामुळे दाणा भरायला जास्त दिवस मिळतात. दोन्ही वाणांचा उतारा खरिपापेक्षा सरस, त्यातही करवीर पुढे. मात्र तुरा येताना आणि दाणा भरताना पाणी चुकवायचं नाही. आवर्तन कधी येणार याचा अंदाज घेऊनच आठवडा ठरवतो.

ऊस तुटून गेल्यावर जानेवारीत दाण्याचा मका करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. तुरा ऐन मार्चच्या उन्हात येतो. पारा पस्तिशीच्या वर गेला, की पराग मरतो, केसर वाळतात आणि कणसावर अर्धे दाणे धरत नाहीत. तिथे वाण बदलून उपयोग होत नाही. त्या रानात मी आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका टाकतो. तुऱ्यात आला, की कापून मुरघास करतो, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून साठवतो.