आई-बाबा, मुलं आणि आम्ही: कॅरेबियन क्रूझचा अनुभव, पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

ज्या घरात सत्तरीपुढची माणसं आणि शाळेतली मुलं एकत्र फिरायला निघतात, त्या घराला क्रूझइतकी सोयीची सहल दुसरी नाही, असं माझं ठाम मत झालंय. हे आधीच सांगते, कारण पुढे पैशांबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणी बेतच रद्द करेल. रद्द करू नका, फक्त हिशेब नीट मांडून जा.

आम्ही सहा जण होतो. आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघं, नववीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आणि आई पक्क्या शाकाहारी, अंड्याचा वासही नको. आधीच्या युरोप टूरमध्ये रोज पहाटे बॅगा बांधून बसमध्ये चढताना दोघांचे जे हाल झाले ते मी पाहिले होते. इथे बॅग एकदा उघडली, कपडे कपाटात लावले आणि गाव बदललं तरी खोली तीच राहिली.

मार्ग पश्चिम कॅरेबियनचा, सात रात्रींचा: मायामी, जमैकातलं ओचो रिओस, ग्रँड केमनचं जॉर्ज टाऊन, मेक्सिकोचं कोझुमेल, शेवटी बहामाजमधलं कंपनीचं स्वतःचं बेट आणि परत मायामी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मायामीहून सुटणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे मार्ग आणि आकारणीची पद्धत बरीच सारखी असते, त्यामुळे हे परीक्षण एका जहाजाचं न धरता या प्रकारच्या सहलीचं धरा.

आधी पैसे. जाहिरातीत दिसणारा आकडा माणशी असतो आणि तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचे कर वेगळे. त्यावर रोजची टिप, जी माणशी रात्रीला १६ ते २० डॉलरच्या घरात जाते आणि मुलांनाही लागते. १८ डॉलर धरले तरी सहा माणसं, सात रात्री म्हणजे ७५६ डॉलर. इंटरनेट वेगळं, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. आमच्या पुण्यातल्या एजंटनं ‘सगळं धरून’ असा शब्द दिला होता. पैसे भरायच्या आदल्या दिवशी मी लेखी तपशील मागितला तेव्हा यातलं निम्मं त्यात नव्हतं. मी हिशेबाचंच काम करते, त्यामुळे हा प्रकार मला फार लागला. सहलीला निघालेल्या माणसाला पूर्ण रक्कम आधी कळली पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. एजंट कुणीही असो, भाडं, बंदर कर, टिप, विमा आणि टीसीएस (सहलीच्या रकमेवर एजंट आधीच गोळा करतो तो आयकर) असे पाच आकडे वेगवेगळे लिहून घ्या. टीसीएस विवरणपत्र भरताना वळता होतो, त्याची पावती जपून ठेवा.

पेयांचं पॅकेज आम्ही घेतलं नाही आणि पिणारं कुणी नसेल तर तुम्हीही घेऊ नका. बुफेत पाणी, चहा, साधी कॉफी आणि सरबत भाड्यातच येतं. शिवाय एका खोलीतल्या एका मोठ्या माणसानं दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही ते घ्यावं लागतं, असा बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे.

व्हिसा अमेरिकेचाच लागतो आणि तो अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण जहाज अमेरिकेतून बाहेर पडतं आणि परत अमेरिकेतच येतं. मुलाखत मुंबईला बीकेसीत. वैध अमेरिकन व्हिसा असला की मेक्सिकोला वेगळा लागत नाही आणि जमैकाला पर्यटनासाठी भारतीयांना व्हिसाच नाही. तरी तुमच्या मार्गावरच्या प्रत्येक बंदराचं कंपनीकडून लेखी घ्या. विमा काढताना त्यात क्रूझ धरली आहे ना, हे विचारा. जहाजावर डॉक्टर असतात, पण बिल डॉलरमध्ये येतं.

आम्ही मे महिना निवडला, मुलांच्या सुट्टीमुळे. वादळांचा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात, म्हणून मे बरा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वादळ असलं की जहाज मार्ग बदलतं आणि ठरलेलं बंदर गळू शकतं.

मायामीला एक दिवस आधी पोचा, यात काटकसर नको. पुण्याहून गाडीनं मुंबई, तिथून एक विमान बदलून मायामी, म्हणजे दीड दिवस प्रवासातच जातो आणि मे महिन्यात घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. बंदरावर मोठ्या बॅगा हमालांकडे द्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. बाबांची औषधं, पासपोर्ट आणि मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि चहाची इलेक्ट्रिक किटली घरीच राहू द्या, आगीच्या भीतीनं जहाजावर दोन्हींना मनाई असते. घरचा डबाही चालत नाही, पण बंद पाकिटातला खाऊ चालतो. आमच्याबरोबर चितळ्यांची बाकरवडी आणि खाकरे होते आणि ते शेवटपर्यंत पुरले.

जहाज सुटायच्या आधी प्रत्येकाला आपल्या सुरक्षा केंद्रावर जाऊन हजेरी लावावी लागते. जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, भोंगा कसा वाजेल, हे ॲपवर बघायचं आणि मग नेमून दिलेल्या जागी जायचं. कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या २०१२ च्या अपघातानंतर ही कवायत जहाज निघण्याआधीच घेणं बंधनकारक झालं. आमच्या मागे काही जण कंटाळून गप्पा मारत होते. मला ते आवडलं नाही. मुलांना मी तिथंच उभं करून सगळं परत विचारलं.

त्यानंतर लगेच वरच्या डेकवर डाव्या बाजूला जागा धरा. जहाज गव्हर्नमेंट कट नावाच्या अरुंद जलमार्गातून बाहेर पडतं, डावीकडे मायामी बीचचं टोक इतकं जवळ येतं की किनाऱ्यावरची माणसं हात हलवताना दिसतात. मग पाण्याचा रंग झपाट्यानं बदलत जातो, आधी हिरवट, मग गडद निळा.

जहाज हलतं का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं. हलतं, पण थोडं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखी पाती असतात, ती डुलणं बरंच आवरतात. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतली तर फारच कमी जाणवतं. आई-बाबांची खोली मी तशीच मागून घेतली होती. क्युबाला वळसा घालतानाच्या रात्री आईंनी एक अव्होमिन घेतली, बस तेवढंच.

जेवणाची मला खरी धास्ती होती आणि तिथंच सगळ्यात चांगला अनुभव आला. पहिल्या रात्री आमच्या टेबलावर वाढायला सावंतवाडीकडचा एक मुलगा होता. आमचं बोलणं ऐकून तो मराठीतच म्हणाला, “आजी, काळजी करू नका. आदल्या रात्री मला फक्त सांगून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तुमचं वेगळं येईल.” आणि आलं. रोज रात्री एक डाळ, एक भाजी, भात आणि पोळीच्या जागी गरम रोटी. डाळ पंजाबी वळणाची, आमटीची सर तिला नाही, पण आई पोटभर जेवत होत्या आणि मला वेगळी सोय बघावी लागत नव्हती. तिसऱ्या रात्री त्यानं न सांगता वाटीभर दही आणून ठेवलं. गोवा, कोकण, मंगळूरकडची मुलं या जहाजांवर पुष्कळ असतात आणि सलग कित्येक महिने घरापासून लांब राबतात. टिपेचे पैसे भरताना मला जड वाटलं नाही ते यामुळेच. शेवटी त्याच्या हातात वेगळेही दिले.

मुलांची सोय उत्तम. लहानांचा क्लब रात्री दहापर्यंत भाड्यातच असतो, किशोरवयीन मुलांचा वेगळा. मुलगी दुपारनंतर तिथून निघायला तयार नसायची. मुलगा बास्केटबॉल आणि चढाईच्या भिंतीवर. बाबा सकाळी सावलीत पुस्तक घेऊन बसायचे. रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र आणि दिवसभर ज्याचं त्याचं, अशी मोकळीक आम्हाला कुठल्याच टूरवर मिळाली नव्हती. औपचारिक पोशाखाच्या रात्री आईंनी पैठणी नेसली. जिन्यापाशी फोटो काढताना एका आजीबाईंनी येऊन पदरावरचे मोर बोटानं हळूच बघितले आणि हे हातमागावर विणलंय का, असं विचारलं. आईंनी मग मला मध्ये घेऊन येवल्याची सगळी माहिती त्यांना सांगितली.

बंदरांबद्दल मात्र स्पष्ट लिहिते: एका दिवसात देश कळत नाही. सात-आठ तास हातात असतात. प्रत्येक बंदरावर एकच गोष्ट ठरवा आणि ती नीट करा.

ओचो रिओसला आम्ही डन्स रिव्हर धबधबा ठरवला. सुमारे १८० मीटर लांबीचा हा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरतो आणि लोक हातात हात धरून, साखळी करून खालून वर चढतात. दगड गुळगुळीत असतात, पाण्यात घालायचे बूट हवेतच. बाबा कडेच्या लाकडी वाटेनं गेले, तिथून सगळं दिसतं. नंतर ड्रायव्हरनं एका साध्या खानावळीत नेलं आणि आम्ही तिघांनी करी गोट मागवली. हळद पुढे, मिरचीचा झणका मागून आणि मध्ये ऑलस्पाईसचा वास. हे जेवण जमैकात नेलं ते आपल्याकडच्या मजुरांनी. १० मे १८४५ रोजी ब्लंडेल हंटर नावाचं जहाज भारतातून करारावरचे मजूर घेऊन ओल्ड हार्बर बे इथे लागलं आणि १९१७ पर्यंत ३६ हजारांच्या आसपास माणसं तिथे गेली, बहुतेक उत्तरेकडची, उसाच्या मळ्यांवर राबायला. आम्ही हौसेनं ज्या समुद्रावर आलो, त्याच समुद्रावर ती माणसं कराराच्या कागदावर अंगठा उठवून आली होती. बाबांनी जेवताना मुलांना हे सांगितलं. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग त्यानं विचारलं, “मग ते परत गेले का?” काही गेले, बहुतेक तिथेच राहिले. बाजारात आंबा होता आणि त्या जातीचं नाव बॉम्बे. सोबत नेता येत नाही, अमेरिकेत ताजी फळं उतरवू देत नाहीत, म्हणून आम्ही तिथंच कापून खाल्ला.

ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज लांब थांबतं आणि छोट्या बोटीनं किनाऱ्यावर जावं लागतं. लाटा असल्या तर चढता-उतरताना पाऊल जपून टाकावं लागतं, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला त्या दिवशी नकारही मिळू शकतो. बाबा जहाजावरच थांबले. आम्ही नॉर्थ साउंडमधल्या स्टिंगरे सिटीला गेलो. कोळी लोक पूर्वी या शांत पाण्यात मासे साफ करून घाण टाकायचे, त्याच्या ओढीनं स्टिंगरे नावाचे चपटे मासे जमू लागले आणि तिथलेच झाले. वाळूचा उथळ पट्टा, पाणी कमरेपर्यंत. शेपटीच्या मुळाशी काटा असतो म्हणून पाय उचलायचे नाहीत, वाळूतून घासत चालायचं. मुलीच्या हातावरून एक मासा गेला. पोटाची बाजू ओल्या मखमलीसारखी मऊ, पाठ मात्र खरखरीत. तिनं घाबरून माझा दंड धरला आणि पुढच्याच मिनिटाला दुसऱ्याला हात लावायला गेली. खरेदी करताना एवढंच बघा की किंमत कुठल्या डॉलरमध्ये लिहिली आहे. केमनचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा महाग आहे.

घड्याळाचं नीट समजून घ्या. मे महिन्यात मायामीची वेळ जमैका, केमन आणि कोझुमेलपेक्षा एक तास पुढे असते. काही जहाजं बंदरानुसार वेळ बदलतात, काही मायामीचीच ठेवतात. आमचं मायामीच्या वेळेवर होतं. किनाऱ्यावर फोननं तिथलं नेटवर्क धरलं की तो तीन दाखवतो आणि जहाजावर चार वाजलेले असतात. बाबांचं हातातलं जुनं घड्याळ आम्ही जहाजाच्या वेळेवर लावलं आणि सहाही जण त्यावर चाललो. फोन समुद्रात विमान मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल येतं.

कोझुमेलला आम्ही प्रवाळ बघितलं आणि सान हेर्वासिओचे माया अवशेष. बहामाजचं बेट सुंदर, पण तिथं बहामाज असं काही नाही, सगळं कंपनीचंच. मुलांना तेच सगळ्यात आवडलं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचे कपडे आणि औषधं आधी बाजूला काढा. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं नको. आमचं रात्रीचं होतं. ज्या हॉटेलात आदल्या आठवड्यात राहिलो होतो तिथंच बॅगा ठेवल्या आणि मायामीतल्या लिटल हवाना या क्युबन वस्तीत, काये ओचो नावाच्या रस्त्यावर गेलो. तिथल्या डॉमिनो पार्कमध्ये क्युबन म्हातारे दिवसभर डाव मांडून बसतात. बाबांना कडेचं बाक मिळालं, आईंनी एवढ्याशा कपातली क्युबन कॉफी दोनदा मागितली. विमानतळावर जायची वेळ झाली तेव्हा दोघांनाही उठवावं लागलं.