गामा की एम-गेराट: 1:72 मध्ये कोणती करावी?

पहिल्या महायुद्धाआधी क्रुप या जर्मन कंपनीने बनवलेल्या, 42 सेंटीमीटर तोंडाच्या या दोन तोफांपैकी एकीचंच 1:72 मध्ये, म्हणजे मूळच्या 72 पट लहान, मॉडेल करायचं, तर निवड सोपी नाही. मी एम-गेराट केली, म्हणजे लोक जिला 'बिग बर्था' म्हणतात ती. पण गामाचा मोह खरा आहे.

नुसती ताकद पाहिली तर गामाच सरस. तिची नळी 1:72 मध्ये सव्वानऊ सेंटीमीटर भरते, एम-गेराटची जेमतेम सात. गोळा 1,160 किलोपर्यंतचा, पल्ला सुमारे 14 किलोमीटर. एम-गेराटचा नेहमीचा गोळा 810 किलोचा आणि पल्ला नऊ किलोमीटरच्या थोडा पुढे.

माझं घोडं अडलं ते बैठकीपाशी. गामा डागायची म्हणजे आधी खड्डा खणायचा, त्यात बैठक बसवायची आणि मग वर तोफ जुळवायची. सगळं मिळून 150 टन, दहा वॅगन, तोफेच्या जागेपर्यंत रूळ. मॉडेलमध्ये खड्डा दाखवला नाही तर ती अधांतरी वाटते. मी थर्माकोल कोरून पाहिला. कडा ढासळत राहिल्या, आणि एवढं करून बैठकीचा बराचसा भाग मातीतच दडला. जीव ओतून केलेलं काम दिसूच नये, हे मला सहन होईना.

जर्मन सैन्याचीही हीच अडचण होती. शत्रूच्या किल्ल्यासमोर हवे तिथे रूळ मिळणार कुठून? म्हणून तोफांचे रचनाकार फ्रिट्झ राउसेनबर्गर यांच्या देखरेखीखाली क्रुपने चाकांवरची तोफ काढली: सुमारे 43 टन, भाग सुटे करून ट्रॅक्टरने ओढायची. तयारी पुरती झालेली नसतानाच ऑगस्ट 1914 मध्ये अशा दोन तोफा बेल्जियममधल्या लीएजच्या किल्ल्यांवर डागायला गेल्या. 15 तारखेला त्यांच्या माऱ्यात तिथल्या लोन्सँ किल्ल्याचं दारूगोळा कोठार उडालं आणि शेकडो बेल्जियन सैनिक प्राणाला मुकले. या तोफेचं मॉडेल करताना ते विसरता येत नाही.

एम-गेराट सोपी आहे असं नाही. चाकांभोवतीच्या रुंद पट्ट्या एकेक कापून चिकटवाव्या लागतात, एक नीट बसली की शेजारची निसटते. पण ती मेहनत डोळ्यांसमोर राहते.

1:35 मध्ये करणार असाल आणि घरात जागा असेल, तर गामाचा विचार जरूर करा. 1:72 मध्ये मात्र माझं मत एम-गेराटलाच. फक्त पट्ट्या चाकं आसावर चढवण्याआधी लावा आणि रात्रभर वाळू द्या.