नाटकवाल्यांची गाडी: शिवाजी पेठेतली सतरा सीटर

भाड्याच्या गाडीवर कोण एवढं लिहितं, असं घरात विचारून झालंय. पण आमच्या नाटकवेड्यांच्या ग्रुपचा हिशेब माझ्याकडे असतो, आणि ज्याला पैसे मोजले त्याचा माल कसा निघाला हे सांगून टाकायची खोड मला गुळाच्या अडतीत लागलीय. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, वरून पिवळाधमक दिसतो, आत काय आहे ते फोडल्यावर कळतं. गाड्यांचंही तेच.

तर गाडी म्हणजे शिवाजी पेठेतली पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर, सतरा सीटर. मालकांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावून ठेवलंय, "ताई, लई कौतुक करू नका. बुकिंग वाढलं तर तुमास्नीच गाडी मिळायची न्हाई."

आता नाटक बघायला गाडी कशाला लागते, असं कोल्हापूरच्या बाहेरचा माणूस विचारेल. इथला विचारणार नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं घर. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यातलं पहिलं नाटक तिथंच बघितलं होतं, आणि ग्रुपही तिथल्याच राज्य नाट्य स्पर्धेच्या रात्रींतून जमलेला. रोज त्याच त्या खुर्च्यांवर तीच ती तोंडं दिसायला लागली की माणूस शेवटी नंबर मागतोच. देवल क्लबात, म्हणजे इथल्या जुन्या संगीतसंस्थेत, जे होतं त्याला आम्ही जातोच. पण बाकीच्यासाठी सांगली, मिरज, इचलकरंजी.

आधी आम्ही दोन-तीन स्वतःच्या मोटारी काढायचो. त्यात सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे नाटकानंतरचं बोलणं तीन ठिकाणी फुटायचं. पुढच्या गाडीत कुणीतरी काहीतरी भन्नाट बोललेलं असायचं आणि मागच्या गाडीला ते दुसऱ्या दिवशी टाईप केलेलं, थंड झालेलं मिळायचं. मग एक भाड्याची गाडी करून बघितली, ती ही नव्हे. तिचा ड्रायव्हर दुसऱ्या अंकाच्या ऐन शेवटाला फोन करायचा, "अजून किती टाईम?" आणि परतीला सगळे दिवे घालवून गाणी लावायचा, ती पण लग्नाच्या वरातीतली. बोलायचं म्हणजे ओरडायचं.

ह्या गाडीचं आधी पैशाचं सांगते, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. बाहेरगावी गाडी काढली की बहुतेक जण दिवसाला कमीत कमी 300 किलोमीटरचं रनिंग धरतात. सांगली जाऊन-येऊन शंभराच्या आसपास. म्हणजे उरलेल्या दोनशे किलोमीटरचे पैसे चाक न फिरता द्यायचे. वर ड्रायव्हरचा भत्ता, बारा वाजून गेले की नाईट वेगळी. ह्या मालकांनी उक्तं सांगितलं: 5,000 रुपये, भत्ता त्यातच, पार्किंग निघालं तर आमचं. पंधरा जण असलो की माणशी साडेतीनशेच्या आत बसतं. विद्यार्थ्याला आम्ही निम्मे घेतो. आमच्यात एक पॉलिटेक्निकचा पोरगा आहे, त्याचे ते निम्मेही कुणीतरी आधीच भरलेले असतात. कोण भरतं ते माझ्या वहीत आहे आणि वहीतच राहणार.

सीट बऱ्या आहेत. पुशबॅक चालतं, कव्हरं धुतलेली असतात. मागच्या चौघांच्या सीटवर मात्र पन्नाशीच्या पुढच्या माणसानं बसू नये. हातकणंगल्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याचं जे काही चाललंय त्यात मागचे चौघे अर्धा प्रवास हवेत असतात. तिथं आम्ही पोरांना घालतो.

ह्या गाडीतली मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे एक निळं प्लास्टिकचं स्टूल. ट्रॅव्हलरची पहिली पायरी उंच असते, आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या आक्कांचे दोन्ही गुडघे गेलेले. पहिल्या खेपेला त्यांना दोघांनी वर ओढून आणि एकानं खालून ढकलून आत घेतलं होतं. आक्का चिडून म्हणाल्या, "मी काय उसाची मोळी हाय का? पुढच्या टायमाला मी येत न्हाई." पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा ड्रायव्हर सीटच्या मागं नायलॉनच्या दोरीनं हे स्टूल बांधलेलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा एक पाय जरा वितळून आत वळलाय, सायलेन्सरला टेकला असावा. त्यामुळे ते कुठल्या बाजूनं ठेवायचं हे ठरलेलं आहे: वाकडा पाय गाडीकडे. ड्रायव्हर ते खाली ठेवतो, स्वतःचा पाय त्यावर रोवून हलत नाही ना बघतो आणि मग बाजूला होऊन दुसरीकडे बघत उभा राहतो. हे दुसरीकडे बघणं मला फार आवडतं. आक्का कुणाचा हात न धरता चढतात.

ड्रायव्हरला सगळे पैलवान म्हणतात. कोल्हापुरात हे कुणालाही म्हणतात, पण ह्यांचे कान खरोखर मोडलेले आहेत, दोन्ही. तरुणपणी खासबागेत कुस्त्या केलेल्या. खासबाग आणि केशवराव शेजारी-शेजारी, दोन्ही महाराजांचीच देणगी. पैलवान सांगतात की मैदानातून बाहेर पडताना त्यांना पलीकडच्या टाळ्या ऐकू यायच्या. आत मात्र ते कधी गेले नाहीत. आम्ही एकदा त्यांचंही तिकीट काढलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, बसून बघायचं मला जमत न्हाई," आणि प्रयोगभर गाडीत मोबाईलवर कुस्त्या बघत बसले. त्यांना नाटकाची गोडी लावायचा नाद आम्ही सोडलाय.

रात्री साडेनऊचा प्रयोग असला की साडेसहाला खासबागेच्या कोपऱ्यावरून निघायचं. साडेसहा म्हणजे साडेसहा. पैलवान सहा वीसला येऊन थांबलेले असतात. आमचेच लोक "आलोच, मिरजकर तिकटीला आहे" असं घरातल्या सोफ्यावरून लिहीत असतात.

सुरुवातीला गंमत ही होती की स्पर्धेत तोंडओळख झालेले थोडे, आणि त्यांच्या ओळखीनं ग्रुपात शिरलेले जास्त. फोनवरच्या ग्रुपातली नावं आणि फोटो पाठ, तोंडं नाहीत. त्यामुळे गाडीत "तुम्ही म्हणजे गुलाबाचं फूल का?" "नाही, मी अंबाबाई. गुलाब त्या खिडकीतल्या." असं चालायचं. म्हशीचा फोटो लावणारे, ज्यांना आम्ही सगळे गवळी समजत होतो, ते निवृत्त बँक अधिकारी निघाले. म्हैस त्यांना नुसती आवडते.

जाताना जयसिंगपूरला चहा आणि भडंग. भडंग गाडीत फोडायचं नाही असा मालकांचा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. एकदा सीटच्या रेलमध्ये सांडलं तर चार दिवस मुंग्या निघत होत्या म्हणे, आणि दोनशे रुपये साफसफाईचे लावले होते. मी पावती मागितली, तीही दिली.

खरी किंमत परतीची आहे. नाटक सुटतं सव्वाबाराच्या सुमारास. सगळे चढले, मोजून झाले, की पैलवान मागं वळून एकच प्रश्न विचारतात, "गप्पा का झोप? दिवा ठिऊ का घालवू?" गप्पा म्हटलं की मधला एक मंद दिवा राहतो, गाणी बंद, आणि गाडी साठच्या पुढे जात नाही. एवढ्यासाठी मी पाच हजार देते.

परवाची गोष्ट. नटांनी गालाला माईक चिकटवले होते, त्यावरून आमचे शिंपीकाका पेटले. काकांचं सगळं प्रेम संगीत नाटकावर, पॉलिटेक्निकच्या पोराचं प्रयोगांवर. तो पुरुषोत्तम करंडक ह्या कॉलेजच्या पोरांच्या स्पर्धेत, कोल्हापूर केंद्रावर, एकांकिका करून आलेला, त्यामुळे त्याला काळोखात एक खुर्ची आणि दोन माणसं एवढंच नाटक वाटतं. फोनवर हे दोघं एकमेकांना जे लिहितात ते वाचून एकदा एक बाई ग्रुप सोडून गेल्या. गाडीत मात्र हे शेजारी बसतात, आणि काकांना डुलकी लागली की पोरगा त्यांचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवतो.

काका म्हणाले, माईक लावून गाणारा तो नट कसला. पोरगा म्हणाला, हजार माणसांत कुजबुजायचं तर माईक लागणारच. मग आमचे सर जागे झाले. सर म्हणजे इतिहासाचे शिक्षक, आणि त्यांचा एक ठरलेला विषय आहे, तो उदगाव आणि अंकली पुलाच्या आसपास निघतोच: संयुक्त मानापमान, म्हणजे 'मानापमान' ह्या संगीत नाटकाचा दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला प्रयोग. 8 जुलै 1921, मुंबई, नायक धैर्यधर केशवराव भोसले, नायिका भामिनी बालगंधर्व, टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. दोन कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर. तारीख आली की अख्खी गाडी सरांबरोबर म्हणते, शाळेत पाढे म्हणायचो तसं. सर रागवत नाहीत. ते पुढे सांगतात की त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, वय 31. इथं गाडी जरा गप्प होते, प्रत्येक वेळी.

ह्या खेपेला त्या गप्प जागेत पुढून आवाज आला. पैलवान. रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "सर, मग निकाल काय लागला?"

"कसला निकाल?"

"दोघं उतरले म्हनता न्हवं एका मैदानात. चितपट का बरोबरीत?"

दोन सेकंद कुणाला काही सुचेना. सर हसले, म्हणाले, बरोबरीत सुटली. शिंपीकाका उसळले: बरोबरीत कसली, केशवरावांनी गुणांवर मारली! गंधर्वांच्या बाजूनं आक्का उभ्या राहिल्या, म्हणजे बसूनच. माईकवाला पोरगा, ज्याला संगीत नाटक म्हातारं वाटतं, तो फोनवर जुन्या तबकड्या शोधायला लागला, की दोघांचं ऐकू आणि ठरवू. शिरोली येईपर्यंत अख्खी गाडी 1921 ची कुस्ती खेळत होती आणि पैलवान पंचासारखे मधूनमधून विचारत होते, "दम कुनाचा जास्त? पट्टी म्हंजे काय?" हे मोटारींत झालं नसतं.

आता खोड्या. एसीच्या डक्टमधून डाव्या बाजूच्या तिसऱ्या सीटवर पाणी ठिबकतं. तीनदा सांगून झालं, तिथं रुमाल खोचलाय. नवा माणूस आला की आम्ही त्याला तिथं बसवतो.

दुसरी, रिव्हर्सची ट्यून. पैलवान एकेकाला गल्लीच्या तोंडाशी सोडतात आणि आत दिवा लागेपर्यंत हलत नाहीत, त्याला तोड नाही. आमच्या एक नर्सताई कुत्र्यांना घाबरतात, म्हणून त्यांच्या बोळात ते गाडी रिव्हर्स घालतात, थेट दारापर्यंत. पण रिव्हर्स टाकला की गाडी मोठ्यानं एक सिनेमाचं गाणं वाजवते. रात्री दीड वाजता. नर्सताईंचे शेजारी आता त्यांना बघून तेच गाणं गुणगुणतात. ती वायर काढा म्हणून मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "आर्टीओला लागती." लागतं ते हॉर्न, गाणं नव्हे.

तिसरी खोडी मालकांचीच. एकदा प्रयोग त्याच दुपारी रद्द झाला, नट आजारी. तिकिटांचे पैसे आठवड्यात परत आले, पण ह्यांनी आगाऊ रकमेतले हजार कापले. कारण, डिझेल टाकलं होतं. म्हटलं, डिझेल टाकीतच आहे ना, की पिऊन टाकलं? बरंच ताणल्यावर पुढच्या फेरीत पाचशे वळते केले. तेव्हा रद्द झालं तर काय, हे आधी लिहून घ्या. तोंडी नको.

मालकांकडे आता एक नवी गाडीही आहे. आत जांभळे दिवे, समोर टीव्ही, खाली मोठा स्पीकर. सहलीला चांगली असेल. नाटकाला घेऊ नका, त्यातला दिवा एकतर भगभगीत लागतो नाहीतर पूर्ण जातो, आणि तिला स्टूल नाही.

बुधवारच्या आत फोन करा, पांढरी मागा, आणि "पैलवान असतील तरच" हे पहिल्याच वाक्यात सांगा. नंबर हवा असेल त्यांनी मला विचारा, देईन. फक्त येत्या महिन्यातला दुसरा शनिवार मागू नका. तो आम्ही धरलाय, आगाऊ 1,000 देऊन, पावतीसकट.