१:३५ मापाच्या लष्करी पाठपिशव्यांचा रेझिन संच: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश १९३७ पॅटर्नच्या (सैनिकांच्या कापडी सामानाचा एक नमुना) पिशव्यांचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा हा संच रणगाड्याच्या मॉडेलसाठी घ्यावा का? घ्यावा, पण त्यातले सुटे पट्टे वापरू नयेत.

कापडाच्या सुरकुत्या आणि झाकणाची घडी सुरेख उतरली आहे. मापही बरोबर आहे: खरी छोटी पिशवी साधारण ११ × ९ × ४ इंचांची, म्हणजे इथे ८ × ६.५ × ३ मिमी. हेच सामान उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात लढलेल्या भारतीय पलटणींकडेही होतं, त्यामुळे एक संच बऱ्याच देखाव्यांत चालतो.

आधी भांडी घासायच्या साबणाने, कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्याचं तेलकट द्रव्य राहिलं तर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पापुद्र्यासारखा निघतो. पिशवीला चिकटून आलेला ओतीव रेझिनचा ठोकळा बारीक करवतीने कापा आणि पॉलिश पेपर ओला करूनच घासा. रेझिनची धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क हवाच.

खरी अडचण पट्ट्यांची. ते जाड आहेत आणि मे महिन्यात टीनाच्या छपराखाली, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, डबीतच वाकतात. गरम पाण्यात धरून काचेवर सरळ करता येतात, पण पुन्हा तापले की पुन्हा वाकतात. त्यापेक्षा गोळ्यांच्या पाकिटामागची ॲल्युमिनियम पन्नी कापा. एक इंची पट्टा म्हणजे ०.७ मिमी. पन्नी दिलेला बाक धरून ठेवते, म्हणून पिशवी वजनाने लोंबल्यासारखी दिसते.

प्लास्टिकचा गोंद रेझिनला विरघळवत नाही, म्हणून धरत नाही. सायनो (झटपट चिकटणारा) गोंदच लागतो, तोही सुईच्या टोकाएवढा; जास्त झाला की सांध्याभोवती पांढरी झाक येते.

पिशव्यांची पाठ सपाट आहे. रणगाड्याच्या तोफेच्या बुरुजाच्या गोलाईवर तशीच चिकटवली तर खाली फट राहते आणि पिशवी तरंगते. मागे इपॉक्सी पुट्टीचा (दोन भाग मळून घट्ट होणारा लगदा) पातळ थर लावा, बुरुजाला पाण्याचा हात लावा आणि पुट्टी ओली असतानाच पिशवी दाबा. सगळ्या पिशव्या सारख्याच गच्च भरलेल्या आहेत, हा मोठा दोष. एक-दोन वरून घासून चपट्या कराव्याच.

ॲक्रिलिक रंग उन्हाळ्यात ब्रशवरच वाळतो, म्हणून सकाळी लवकर रंगवा; चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवला की तो ओला राहतो. वाळवंटासाठी फिकट खाकी, ब्रह्मदेशासाठी हिरवा, बकलांना मळका पितळी.

झड लागलेली असताना मॅट वार्निश मारू नका, पांढरट पडतं. पाऊस उघडून ऊन पडेपर्यंत थांबा.