सर्बियाच्या ट्रायलचे पावणेदोन लाख

माझा मुलगा बास्केटबॉल खेळतो. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. उंची ६ फूट ४ इंच. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत; शेवटची रेघ मारायला मला स्टूल घ्यावं लागलं. त्याच्या मापाचे बूट पुण्यात दहा दुकानं पालथी घातल्याशिवाय मिळत नाहीत. एवढ्या उंचीच्या पोराचं पुढे काय करायचं, हे आम्हाला कळत नव्हतं. समोरच्यानं नेमकं तेच हेरलं.

पोरानं आपल्या सामन्यांचे तुकडे जोडून इन्स्टाग्रामवर टाकले होते. त्यावर एका 'इंटरनॅशनल प्लेअर एजंट'चा मेसेज आला. मग फोन. मला मॅडम, ह्यांना सर. सर्बियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबला असाच मुलगा हवाय, ट्रायल नावापुरती, एक वर्षाचा करार पक्का. वर सतनाम सिंगची गोष्ट: पंजाबातल्या बल्लो के गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, २०१५ साली एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (त्यात संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात) डॅलस मॅव्हरिक्स संघानं ५२व्या क्रमांकावर घेतला, तिथं निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएतला सर्बियन स्टार जोकिचही २०१४ला ४१वा होता, म्हणाला, आज बघा कुठं आहे.

हे सगळं खरंच आहे. म्हणून तर पुढचं खोटं आम्ही बिनबोभाट गिळलं. सतनाम चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेला तो शिष्यवृत्तीवर, घरच्यांनी कुणाला पैसे मोजून नव्हे, हे मात्र एजंटनं गाळलं. आणि ड्राफ्ट होऊनही सतनामला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, हेही.

आधी २५ हजार, नोंदणीचे. मग क्लबच्या लेटरहेडवर पत्र आलं, शिक्क्यासकट, आणि ९० हजार 'परत मिळणारी अनामत'. पाच आठवड्यांनी 'लेटर ऑफ क्लिअरन्स'चे, म्हणजे दुसऱ्या देशात खेळायच्या परवानगीपत्राचे, ६० हजार. तीनही वेळा पैसे एका बाईच्या नावावरच्या यूपीआयवर गेले. मी पतसंस्थेत काम करते. ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून काउंटरवर दिवसातून दहा वेळा सांगते. पण पोराचं नाव परदेशी शिक्क्याखाली बघितलं आणि डोकं गहाण पडलं. ह्यांनी एकदा विचारलं होतं, "क्लबला पोरगा हवाय तर पैसे आपण का द्यायचे?" मी म्हटलं, तुम्हाला खेळातलं काय कळतं.

भांडं फुटलं ते पोराच्या जुन्या कोचमुळे. पत्र बघून सर आधी काही बोललेच नाहीत. मग जन्मतारखेवर बोट ठेवलं. लेटर ऑफ क्लिअरन्स हा कागद खरा असतो, पण तो एका देशाचा महासंघ दुसऱ्या देशाच्या महासंघाला देतो, एजंटच्या खिशातून निघत नाही. आणि १८ वर्षं पूर्ण होण्याआधी खेळाडूला दुसऱ्या देशात खेळायला जायला फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघ, अगदी खास अपवाद सोडले तर परवानगीच देत नाही. पोराला अठरा पूर्ण व्हायला सात महिने होते. ती जन्मतारीख पत्रात ठळक अक्षरांत छापलेली होती आणि मी ते पत्र निदान वीस वेळा वाचलं होतं.

त्या रात्री फिबाच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी उघडली. कुणालाही बघता येते, फुकट. त्यात हा इसम नव्हता. खऱ्या एजंटचं पोट खेळाडूच्या करारावर चालतं, तेही खेळाडूच्या हातात पगार पडल्यावर. एनबीएत तर त्याला जास्तीत जास्त ४ टक्केच घेता येतात. क्लबच्या खऱ्या पत्त्यावर ईमेल टाकला. दोन ओळींचं उत्तर आलं: अशी कुठलीही ट्रायल नाही, या माणसाला आम्ही ओळखत नाही.

एक नातेवाईक म्हणाले, अडाण्यासारखं कसं फसलात? त्यांना म्हटलं, एनबीएतल्या सॅन अँटोनियो संघाचा टिम डंकन, पाच विजेतेपदं मिळवलेला माणूस, त्याच्या आर्थिक सल्लागारानंच त्याला फसवलं. २०१७ मध्ये त्या सल्लागाराला चार वर्षांची शिक्षा झाली. तेवढ्यानं माझी लाज काही कमी झाली नाही, पण नातेवाईक गप्प बसले.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांत तक्रार दिली. शेवटचे ६० हजार देऊन चारच दिवस झाले होते, म्हणून त्यातले ११ हजार गोठवता आले. अजून हातात पडलेले नाहीत. आधीचे तर गेलेच. पहिल्या २५ हजारांनंतरच फोन केला असता तर, हा हिशेब मी अजून करते.

पोरगा आठवडाभर कोर्टवर गेला नाही, मग आपणहून जायला लागला. मागच्या महिन्यात त्याच्याच ग्रुपमधल्या एका मुलाचे वडील घरी आले, मोबाइल पुढे करून म्हणाले, "ताई, हे जरा बघता का, खरं वाटतंय." तोच क्लब, तोच शिक्का, नाव त्यांच्या मुलाचं. तो पॉइंट गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा, उंची ५ फूट ९ इंच. पत्रात लिहिलं होतं ६ फूट ४.