हजाराची एक खरी नोट

प्रागमध्ये माझे 360 युरो गेले. कुणी खिसा कापला नाही, बॅग पळवली नाही. भर दुपारी, हजारभर माणसांच्या गर्दीत, मी ते स्वतःच्या हाताने मोजून दिले. माझे तरी कसले, चौघांचे. वर्गणीचा खजिना माझ्याकडे होता, कारण "हिच्या घरी बँकेचं वातावरण आहे" असा आमच्यात एक विनोद होता. माझे बाबा सांगलीच्या एका नागरी बँकेत कॅशियर आहेत. हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना तुम्हाला जे म्हणावंसं वाटेल ते मी स्वतःला रोज म्हणून झालंय.

मी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. 2024 च्या ईस्टरला चार दिवस सुट्टी होती आणि ड्रेस्डेनहून प्राग आगगाडीने अडीच तासांच्या आत. माझी रूममेट, एक नाशिककर, एक हैदराबादी आणि मी, असे चौघे शनिवारी, 30 मार्चला निघालो. प्रत्येकी शंभर युरो रोख काढले, एकूण 400. एवढी रोकड कशाला, असं विचाराल. ज्या घरात दोन रात्री उतरणार होतो त्याच्या मालकाने 6,800 कोरुना रोख आणा असं कळवलं होतं. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथे युरो चालत नाही, कोरुना चालतो. त्या आठवड्यात युरोला साधारण 25.30 भाव होता. हे सगळं मी गाडीतच बघून ठेवलं होतं. म्हणजे अभ्यास नव्हता असं नाही. ईस्टरचा शनिवार, बँका बंद. हेही माझ्या बाजूने लिहून घ्या.

जुन्या शहराच्या चौकात ते प्रसिद्ध खगोलीय घड्याळ आहे, 1410 सालचं. दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरून जातात, खाली एक सांगाडा घंटा वाजवतो आणि पैशांची थैली घेतलेला एक सावकार मान हलवत राहतो. एक वाजताचा खेळ आम्ही बघितला, टाळ्या वाजवल्या, त्या सावकाराचा फोटोही काढला. आता तो फोटो बघवत नाही.

खेळ संपला की गर्दी एकदम फुटते. आम्ही बाजूच्या गल्लीतल्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानापाशी गेलो. पाटीवर "कमिशन 0%" हे मोठ्ठं, आणि भाव 21.50 हा त्याच्या पाव आकारात. मी लगेच हिशेब केला, 400 युरोचे 8,600, म्हणजे बाजारभावापेक्षा दीड हजार कोरुना कमी. मी म्हटलं, नको, हे लुटतायत. मोठ्याने म्हटलं. आणि इंग्रजीत म्हटलं, कारण हैदराबादी मित्राला मराठी येत नाही.

बहुतेक तिथेच कुणाच्या तरी कानावर गेलं. पन्नाशीचा, दाढी केलेला, स्वच्छ जाकीट घातलेला एक माणूस पुढे आला. तुम्ही डोळ्यांसमोर आणताय तसला, कोपऱ्यात उभा राहून पुटपुटणारा नव्हता. एखाद्या शाळेतला भूगोलाचा मास्तर दिसावा तसा. म्हणाला, "इथे बदलू नका, हे चोर आहेत." आम्हाला सावध करायला आला होता! कुठून आलात विचारलं, नाशिककराने ड्रेस्डेन सांगितलं, तर याची मुलगी नेमकी ड्रेस्डेनलाच शिकायला. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जायचंय, युरो हवेच आहेत. फोनवर भाव उघडून दाखवला, 25.30. म्हणाला, मी पंचवीस देतो, तुमचंही भलं, माझंही.

आता इथे मी हावरटपणा केला असं कुणी म्हणू नये. तीस-पस्तीसचा भाव सांगितला असता तर मी मागच्या मागे पळाले असते. बाजारभावापेक्षा किंचित कमीच होता तो. फसवणारा माणूस नेहमी अव्वाच्या सव्वा देऊ करतो, हे आपल्या डोक्यात बसलंय ना, ते काढून टाका. शहाण्याला फसवायचं तर भाव शहाणाच सांगावा लागतो.

400 गुणिले 25, दहा हजार. त्याने हजाराची एक नोट काढून माझ्या हातात दिली. "उजेडात धर, बघ." मी धरली. वॉटरमार्क होता, चमकती रेघ होती, आणि पालात्स्की नावाच्या इतिहासकाराचं चित्र होतं. चेक नोटांची माहितीही मी गाडीत वाचली होती, शंभरावर चौथा चार्ल्स, हजारावर पालात्स्की. नोट शंभर टक्के खरी होती. मग ती परत घेऊन त्याने गड्डीच्या वर ठेवली आणि अंगठ्याने कोपरे सोडत मोजायला लागला. एक, दोन, तीन. मला प्रत्येक कोपऱ्यावर 1000 दिसत होतं. दहा झाल्या. गड्डी माझ्या हातात आली.

मी पुन्हा मोजल्या. होय, मोजल्या! दुसऱ्या-तिसऱ्या नोटेवर माझी नजर गेलीसुद्धा. अक्षरं वेगळी होती. रशियन पाट्यांवर असतात तसली, एक तर सहाच्या आकड्यासारखं. आणि मी काय विचार केला असेल? आपल्या नोटेवर नाही का पंधरा भाषांची पट्टी असते, मराठीसुद्धा असते, तसं यांचंही काहीतरी असेल! खरंच हे वाक्य माझ्या डोक्यात आलं. दोन सेकंद. चित्रातला माणूसही वेगळा होता, वरच्याला दाढी आणि याला नुसती मिशी. तेही दिसलं. पण तेवढ्यात तो मास्तर मान वळवून म्हणाला, "पोलीस येतायत, रस्त्यावर असं बदलायची परवानगी नाही, पटकन ठेव." पोलीस म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. विद्यार्थी व्हिसावर आहोत, परक्या देशात नसती भानगड नको. पैसे पर्समध्ये कोंबले. वर त्यालाच थँक्यू म्हणाले.

त्या दोन सेकंदांवर मी पाच महिने घालवलेत. जो माणूस स्वतःच सांगतोय की हे करायला परवानगी नाही, त्याला मी पैसे देऊन मोकळी झाले. बाबा लहानपणी नोटा मोजायला शिकवताना म्हणायचे, "आकडा काय बघतेस, तोंड बघ." गांधीजींचं तोंड एका बाजूला लावून घ्यायचं आणि मगच मोजायचं. सातवीत होते तेव्हापासून येतं मला हे.

पुढचा भाग जास्त बोचतो. आम्ही लगेच चौकातल्या ईस्टरच्या बाजारात ट्रडेलनीक घेतले, ते निखाऱ्यावर फिरवून भाजलेले साखरेचे पोकळ रोल. चार घेतले, प्रत्येकी 130 प्रमाणे 520 कोरुना. मी गड्डीतली वरची नोट दिली. बाईने उजेडात धरली आणि 480 परत दिले. झालं! सगळी शंका गेली. पुढचे दोन तास आम्ही चार्ल्स पुलावर पुतळे बघत हिंडत होतो आणि पर्समध्ये रद्दी होती.

साडेतीनला घरमालक किल्ली द्यायला आला. मी ऐटीत सात नोटा पुढे केल्या. त्याने पत्त्यांसारख्या पसरल्या आणि परत माझ्या हातात दिल्या. चिडला नाही, हसला नाही. "बल्गेरिया. जुन्या." इतकंच. बल्गेरियाने 1999 मध्ये आपल्या लेव्ह या चलनावरचे तीन शून्य उडवले, त्याआधीच्या या नोटा. तेव्हा बदलून घेतल्या असत्या तरी नऊ नोटांचे आजच्या हिशेबाने 4 युरो 60 सेंट आले असते. चित्रातला मिशीवाला वासिल लेव्हस्की, तुर्कांनी 1873 मध्ये फाशी दिलेला त्यांचा क्रांतिकारक. बिचाऱ्याच्या नशिबी हेही आलं.

आणि रोखच पाहिजे म्हणणारा तो मालक त्यावर म्हणाला, मग बँकेतून युरो पाठवा, चालेल. दोन मिनिटांत पाठवले. ट्रॅममध्ये कार्ड चालत होतं, मेट्रोत चालत होतं, संग्रहालयात चालत होतं. रोकड लागत नव्हती हो! कुणी रोखच मागितलं तर आधी एकदा "बँकेतून पाठवू का" म्हणून विचारा. तोंड उघडायला पैसे पडत नाहीत.

मग पोलीस चौकी. दोन तास दहा मिनिटं बाकावर. समोरच्या माणसाला इंग्रजी येत होतं, पण बोलायची इच्छा नव्हती. नोटा बघून पहिला प्रश्न, "या बनावट आहेत का?" नाहीत. नोटा खऱ्या आहेत, हाच तर घोळ. पैसे जबरदस्तीने घेतले का? नाही. पावती आहे का? रस्त्यावरचा माणूस पावती देतो का, हे मी विचारलं तर माझ्याकडेच असं बघितलं की जणू गुन्हा मी केलाय. मी म्हटलं, वेळ सांगते, एकचा खेळ संपल्यावर पाच-सात मिनिटांत, चौकात कॅमेरे असतीलच. म्हणे बघू, आज शनिवार. सोमवारी? सोमवारी ईस्टरची सुट्टी. मंगळवारी आमची गाडी ड्रेस्डेनला पोचलेली असणार, हे त्यालाही माहीत आणि मलाही.

खरी मेख त्याने शेवटी सांगितली. नुकसान किती? मी प्रामाणिकपणे सांगितलं, दहापैकी नऊ नोटा, नऊ हजार कोरुना. तो म्हणाला, दहा हजारांपासून पुढे फसवणुकीचा फौजदारी गुन्हा होतो, त्याखाली किरकोळ प्रकरण. ही मर्यादा 2020 पर्यंत पाच हजार होती, ती वाढवली. म्हणजे त्या मास्तरने वर ठेवलेली एक खरी नोट तीन कामं करून गेली. माझी खात्री पटवली, आम्हाला दोन तास निर्धास्त फिरवलं आणि माझं प्रकरण गुन्ह्याच्या रेषेखाली आणून ठेवलं. मुद्दाम केलं का, मला माहीत नाही. पण 40 युरोची गुंतवणूक काय झाली बघा.

चार पानांचा चेक भाषेतला कागद देऊन मला बाहेर काढलं. खाली सही माझी, मजकूर मला वाचता येत नाही असा. प्रवास विम्याच्या कंपनीला तोच पाठवला, तर तीन आठवड्यांनी उत्तर आलं की रक्कम आपण स्वेच्छेने हस्तांतरित केली असल्याने ही चोरी ठरत नाही. जूनमध्ये प्रागहून एक पत्र आलं, ते फोनवर भाषांतर करून वाचलं. अज्ञात व्यक्तीचा शोध लागला नाही, प्रकरण बाजूला ठेवण्यात येत आहे. बरं झालं, कुणीतरी कळवलं तरी.

चौकीत कुणी सांगितलं नाही ते त्या घरमालकाने सांगितलं. 1 एप्रिल 2019 पासून तिथे कायदा आहे. परवाना असलेल्या दुकानात 1,000 युरोपर्यंत पैसे बदलले आणि भाव पटला नाही, तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जायचं, व्यवहार रद्द करून द्यावाच लागतो. म्हणजे ज्या 21.50 वाल्या दुकानाला मी चोर म्हटलं, तिथे बदलले असते तर चूक सुधारायला तीन तास होते. म्हणून पावती सोडू नका. आणि रस्त्यावर पैसे बदलणं तिथे पिढीजात आहे म्हणे. कम्युनिस्ट राजवटीत परकीय चलनाचा काळाबाजार करणाऱ्यांना वेक्स्लाक म्हणत. राजवट गेली, हे राहिले.

त्याच संध्याकाळी दुसरी ठेच. किरकोळ खर्चाला म्हणून चौकातल्या भडक रंगाच्या एटीएममधून 2,000 कोरुना काढले. मशीनने विचारलं, युरोत रूपांतर करून हवं का? डोकं ठिकाणावर नव्हतं, हो दाबलं. 90.91 युरो वजा झाले, 80 च्या आत व्हायला हवे होते. तिथे नेहमी "नाही" हेच दाबायचं, रूपांतर आपल्या बँकेला करू द्यायचं. हे मी इतरांना शिकवत आले होते, वर्षभर.

360 युरो म्हणजे तेव्हाच्या 90 च्या भावाने 32,400 रुपये. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 934 युरो सुटत, त्यातून नाशिककराला आणि हैदराबादी मित्राला नव्वद-नव्वद परत केले. त्यांनी आढेवेढे घेतले, पण घेतले. रूममेटने घेतले नाहीत आणि तेच जास्त जड जातंय. नाशिककर अजूनही काही बिल द्यायची वेळ आली की "तोंड बघ, तोंड" म्हणतो. हसते मी. काय करणार.

घरी गणपतीपर्यंत सांगितलं नव्हतं. आरती झाल्यावर व्हिडिओ कॉलवर बाबांनी सहज विचारलं, ईस्टरला पैसे एवढे का मागवलेस, आणि मला खोटं बोलता आलं नाही. सगळं ऐकून घेतलं. आई मागून "अगं बाई" म्हणाली, तिला हाताने थांबवलं.

"एक नोट कॅमेऱ्यासमोर धर. दिव्याकडे कर. वॉटरमार्क दिसतो?"

"दिसतो."

"मग खरी आहे की."

"हो बाबा. देश चुकलाय."

बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "एक जपून ठेव, येताना घेऊन ये. काउंटरवर नवीन पोरं आलीत, त्यांना दाखवतो. कुणाची ते नाही सांगणार."