मापाने बनवून घेतलेली रग्बी लीगची खुर्ची: तीन हंगामांनंतरचे मत

व्हीलचेअर रग्बी लीग या चाकांच्या खुर्चीत बसून खेळायच्या खेळात खेळाडूची कारकीर्द त्याचे खांदे टिकतील तितकी चालते, आणि खांदे किती टिकतील हे बऱ्याच अंशी खुर्ची ठरवते. इंग्लंडच्या उत्तर भागातील एका क्लबकडून मी २०२१ पासून खेळतो. पहिले दोन हंगाम मी क्लबच्या सामायिक खुर्चीत काढले आणि नंतरचे तीन स्वतःच्या मापाने बनवून घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या खुर्चीत. स्वतःची खुर्ची घ्यावी की थांबावे, या विचारात असलेल्या खेळाडूंसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

खुर्ची घेण्याचा निर्णय १८ नोव्हेंबर २०२२ रोजी झाला. त्या दिवशी मँचेस्टर सेंट्रलमध्ये ४,५२६ प्रेक्षकांसमोर इंग्लंडने फ्रान्सला २८-२४ असे हरवून विश्वचषक जिंकला आणि त्या प्रेक्षकांत मीही होतो. सामन्याच्या अखेरीस कर्णधार टॉम हॅलिवेल याने निर्णायक ट्राय केला (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून गुण मिळवले), तेव्हा त्याचे शरीर कुठे संपते आणि खुर्ची कुठे सुरू होते, हे मला सांगता आले नसते. क्लबच्या खुर्चीत मी वळायचो तेव्हा आधी मी वळत असे आणि मग खुर्ची. एकाच खुर्चीत तीन-चार जणांनी आळीपाळीने बसायचे म्हटल्यावर ती कोणाच्याच मापाची नसते.

हा खेळ २००४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला. गोल चेंडूने चार-चार जण खेळतात त्या व्हीलचेअर रग्बीहून तो वेगळा आहे. इथे प्रत्येक बाजूला पाच खेळाडू असतात, चेंडू लांबट असतो, ‘किक’ मुठीने मारली जाते आणि चेंडू नेणाऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर लावलेल्या टॅगपैकी (सुटणाऱ्या पट्ट्यांपैकी) एक प्रतिस्पर्ध्याने ओढून काढला की टॅकल झाला, म्हणजे त्याला अडवले, असे मानतात. पुरुष आणि स्त्रिया एकत्र खेळतात, तसेच व्यंग नसलेल्या खेळाडूंनाही खुर्चीत बसून खेळता येते. चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन सत्रांत वेग घेणे, थांबणे, वळणे आणि धडकणे सतत चालू असते. त्यामुळे या खुर्चीकडून बास्केटबॉलच्या खुर्चीची चपळाई हवी असते आणि धडक सोसण्याची ताकदही हवी असते.

माझा डावा पाय गुडघ्याच्या वर कापलेला आहे. पाय नसला की शरीराचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, हे मला माप घेणाऱ्या तंत्रज्ञाने पहिल्यांदा समजावून सांगितले. पूर्ण पाय असलेल्या माणसासाठी जुळवलेल्या खुर्चीत जोरात पहिला रेटा दिला की पुढची लहान चाके उचलली जातात आणि सगळा भार मागच्या आधाराच्या चाकावर येतो. क्लबच्या खुर्चीत माझे नेमके हेच होत असे. चाकांचा आस मागे घेतल्यावर तो त्रास थांबला, आणि वळताना थोडा जास्त जोर लावावा लागतो, ही त्याची किंमत मी आनंदाने मोजतो. बैठक मांड्यांना घट्ट आवळणारी आहे. कंबरेचा आणि मांडीवरचा पट्टा ओढला की कंबर हलवताच खुर्ची हलते, त्यामुळे एका हातात चेंडू असतानाही दिशा बदलता येते. माझ्या मते या खुर्चीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. उजव्या खांद्याचे जुने दुखणे दुसऱ्या हंगामात बरेच कमी झाले. त्याचे श्रेय मी व्यायामाइतकेच या खुर्चीला देतो.

चाके वरून आत झुकलेली आहेत. हा कॅम्बर मी अठरा अंशांचा घेतला. त्यामुळे तळ रुंद होतो आणि बाजूने धडक बसली तरी खुर्ची सहज कलंडत नाही. मात्र या रुंदीमुळे ती साध्या दारातून जात नाही. चाके एका कळीने निघतात म्हणून गाडीत ठेवणे जमते, पण एकट्याने प्रवास करणाऱ्याने हे आधी करून पाहावे.

आता उणिवा. बैठकीची उंची मी ठरवली होती त्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त आली. ट्राय पूर्ण करण्यासाठी बाजूला झुकून चेंडू जमिनीला टेकवावा लागतो आणि तेव्हा हे दोन सेंटिमीटर फार जाणवतात. निर्मात्याने चूक मान्य केली, पण बैठक बदलून मिळायला अकरा आठवडे लागले आणि हंगामाचा पूर्वार्ध मला जुन्या खुर्चीत खेळावा लागला. एवढ्या महाग वस्तूच्या बाबतीत हा विलंब मला अक्षम्य वाटतो. चाकांचे आरे पहिल्याच हंगामात चार वेळा तुटले. दाट आऱ्यांची चाके वेगळे पैसे देऊन घेतल्यानंतर ती अडचण उरली नाही, परंतु रग्बी लीगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खुर्चीला ती मुळातच असायला हवीत. वेल्क्रोचे पट्टे दर वर्षी बदलावे लागतात. चौकटीचे वेल्डिंग मात्र तीन हंगामांनंतरही अभंग आहे.

ब्रिटिश सैनिक जेम्स सिम्पसन याने २००९ मध्ये अफगाणिस्तानात दोन्ही पाय गमावले आणि पुढे तो इंग्लंडकडून हा खेळ खेळला. माझी मजल क्लबच्या संघापुरती आहे, तरीही या खुर्चीने माझ्या खेळण्याला आणखी काही वर्षे दिली, असे मी खात्रीने म्हणू शकतो. नवख्या खेळाडूने मात्र पहिला हंगाम क्लबच्या खुर्चीतच खेळावा. आपण चेंडू घेऊन घुसणारे आहोत की बचाव धरणारे, हे कळल्याशिवाय आस, उंची आणि कॅम्बर यांचे आकडे ठरवता येत नाहीत, आणि चौकट एकदा वेल्ड झाली की चाकांचा झुकाव बदलत नाही. मागणी नोंदवताना सगळी मापे लेखी घ्यावीत, खुर्ची हाती आल्यावर ती स्वतः टेपने मोजावी आणि त्यानंतरच उरलेली रक्कम चुकती करावी.